रंग काढायचा, वस्तू राखायची



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा पिकांची, गुरांची नाहीतर विहिरीवरच्या मोटारीची असतात. या खेपेला एक निराळेच पत्र आले आहे. पत्रासोबत एक पुडके होते. रोगट पान वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवावे, तसा त्यात रेल्वेचा एक मोडका मालडबा निघाला. वीतभरही लांब नाही, प्लॅस्टिकचा, आणि त्यावर हिरव्या रंगाचे पोपडे.

पत्र एका भगिनीचे आहे. त्या लिहितात :

"साहेबांस नमस्कार. आमचे थोरले दीर कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात होते. त्यांना मुले आप्पा म्हणतात. मुंबईच्या एका ओळखीच्या साहेबांनी त्यांना पुष्कळ वर्षांपूर्वी खेळण्यातल्या आगगाडीचा खोका दिला होता. त्यात सहा डबे, एक स्टेशन, एक सिग्नलची केबिन आहे. माल परदेशी आहे. आप्पांनी हौसेने त्याला दाराचा उरलेला हिरवा ऑइलपेंट फासला होता. तो आता सुटतो आहे. आमचा मुलगा नववीत आहे. दिवाळीत किल्ल्याच्या पायथ्याशी स्टेशन मांडायचे आणि डबे जुन्या गाडीसारखे विटकरी करून आप्पांना दाखवायचे, असे त्याच्या मनात आहे. त्याने फाटक रंगवून उरलेले थिनर स्टेशनाला लावले. रंग निघालाच, पण छप्परही चिकट होऊन खाली बसले. त्याचे वडील रागावले. बाकीचे डबे वाचवून रंग कसा काढावा? नमुन्याला मोडका डबा पाठवला आहे. ता. क. : थिनर सरबताच्या बाटलीत होते. धाकटी चार वर्षांची आहे, तिने ती बाटली तोंडाला लावली होती. वासाने लगेच फेकली. आता बरी आहे."

ताईंनी जे शेवटी लिहिले, ते मी सर्वांत आधी वाचले पाहिजे होते. पत्र पुरे होताच मी फोन केला. मुलीला डॉक्टरांना दाखवून झाले होते, आणि ती अंगणात खेळत होती. मग मी डब्याकडे वळलो. आपणही त्याच क्रमाने जाऊ. आधी बाटली, मग डबा.

बाटलीची गोष्ट

मी नोकरीला लागून तीन वर्षे झाली होती. एका गावात कापसावर फवारणीचे प्रात्यक्षिक होते. औषध थोडे उरले. डबा गळका होता, म्हणून मी ते एका थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतले आणि मोटारीच्या खोलीत कट्ट्यावर ठेवले. जेवायला बसलो तेव्हा एक गडी तहानेला आत गेला. त्याने बाटली उचलली, बूचही काढले. घरातल्या म्हाताऱ्या आजी दारात होत्या. त्यांना वास आला आणि त्या ओरडल्या, म्हणून तो माणूस वाचला. बाटली माझी होती. चूकही माझी होती. मी बी. एस्सी. (अ‍ॅग्री) झालो होतो, आजी शाळेत गेलेल्या नव्हत्या.

त्या दिवसापासून मी खाण्यापिण्याच्या बाटलीत दुसरे काही ओतत नाही आणि कुणाला ओतू देत नाही. थिनर, रॉकेल, अ‍ॅसिड, कीटकनाशक, बॅटरीचे पाणी, सगळे ज्या बाटलीतून आले त्याच बाटलीत राहावे. ती फुटली तर दुसऱ्या अशा डब्यात घालावे की ज्यातून कुणी कधी प्यायलेले नाही. वर ठळक अक्षरांत नाव लिहावे, आणि डबा कुलपात ठेवावा. मुलाला वाचता येते, पण चार वर्षांच्या मुलीला येत नाही. तिला बाटलीचा आकार तेवढा कळतो.

चुकून कुणी थिनर, रॉकेल किंवा पेट्रोल प्यायलेच, तर उलटी काढू नये. मिठाचे पाणी पाजू नये, घशात बोट घालू नये. हे पदार्थ पोटात जाण्यापेक्षा फुप्फुसात गेले तर अधिक घात करतात, आणि उलटी होताना ते श्वासनलिकेत उतरतात. तोंड पाण्याने पुसून काढावे, १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात न्यावे, आणि बाटली सोबत घ्यावी. मूल खोकत असेल, भराभर श्वास घेत असेल किंवा पेंगुळले असेल, तर एक क्षणही दवडू नये. वरवर काही दिसत नसले तरी दाखवून यावे. ताईंनी तेच केले, हे चांगले झाले.

स्टेशन का विरघळले?

आता मुलाच्या प्रयोगाकडे. त्याच्यावर रागावण्याचे कारण नाही. थिनरने लोखंडी फाटकाचा रंग निघतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्याने फाटक आणि स्टेशन यांतला फरक मात्र पाहिला नाही. रंग काढताना आपले सगळे लक्ष वरच्या रंगावर असते. खरी चौकशी खालच्या वस्तूची करायची असते.

गणपतीच्या मखराचे थर्मोकोल आठवा. २०१८ साली महाराष्ट्रात त्याच्या सजावटीवर बंदी आली, पण त्याआधी ते घरोघर होते. त्याच्या तुकड्यावर पेट्रोल पडले की तो बघता बघता आक्रसून चिकट गोळा होतो. थर्मोकोल म्हणजे हवा भरून फुगवलेले पॉलिस्टायरीन. अशा आगगाड्यांच्या खोक्यांतल्या इमारती आणि डबे बहुतेक वेळा त्याच पॉलिस्टायरीनचे, पण घट्ट ओतलेले असतात. काही डबे एबीएस नावाच्या त्याच्या भाऊबंदाचे असतात. दिसायला एक कापसासारखे आणि एक दगडासारखे, पण जात एकच. म्हणून जे थर्मोकोलला चालत नाही, ते स्टेशनलाही चालत नाही.

तेव्हा पुढील वस्तू अशा खेळण्याजवळ आणूच नयेत : थिनर, नखांचा रंग काढण्याचे अ‍ॅसिटोन, पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाइन आणि दुकानात मिळणारे पेंट रिमूव्हर. काही हौशी लोक गाडीचे ब्रेक ऑइल वापरतात. ट्रॅक्टरवाल्यांना ठाऊक आहे की ब्रेक ऑइल मडगार्डवर सांडले की रंग उचलला जातो. प्लॅस्टिकवरचा रंगही त्याने सुटतो. पण ते विषारी आहे आणि कातडीतूनही थोडे अंगात जाते. लहान मूल असलेल्या घरात मी ते सुचवणार नाही.

आधी पाण्यात टाकून पाहा

भात पेरण्याआधी आपण बियाणे तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाकतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ. पोचट बी वर येते, भरलेले तळाशी बसते. प्लॅस्टिकची जात ओळखायलाही हाच उपाय चालतो, आणि येथे मीठही लागत नाही.

वस्तूचा एखादा सुटा तुकडा घ्यावा. त्याला लोखंडी चाक किंवा वजनाची पट्टी चिकटलेली नसावी. तो साबणाच्या पाण्याने पुसून साध्या पाण्यात बुडवावा आणि हवेचे बुडबुडे बोटाने झाडावेत.

तुकडा तरंगला तर ते बादलीच्या जातीचे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन. त्यावर रंग मुळातच नीट धरत नाही. कोमट साबणपाण्यात रात्रभर ठेवून ब्रशने घासले की बराचसा रंग पोपड्यांनी सुटतो. औषध लागत नाही.

तुकडा बुडाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर टणटण वाजला, तर बहुधा पॉलिस्टायरीन किंवा एबीएस. ताईंचा मालडबा बुडाला. पुढची रीत अशा बुडणाऱ्या डब्यांची आहे.

हात लावण्याआधी

जुन्या रंगात शिसे असू शकते. विशेषतः भडक पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या ऑइलपेंटमध्ये. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसे नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आप्पांचा रंग त्याच्या पुष्कळ आधीचा आहे. म्हणून त्यात शिसे आहे असे समजूनच काम करावे.

शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते. पहिल्याने काही दिसत नाही. मूल अभ्यासात मागे पडते, चिडचिडे होते, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. गर्भार स्त्रीच्या पोटातील बाळालाही ते पोचते. गुरेही यातून सुटत नाहीत. जुन्या दाराचे पोपडे किंवा टाकून दिलेल्या बॅटरीची पत्रे चाटून गुरे आंधळी झाल्याची, दात खात झटके येऊन दगावल्याची उदाहरणे पशुवैद्यकांना चांगली माहीत आहेत.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात. कोरडा पॉलिशपेपर मारू नये, कारण धूळ श्वासात जाते. रंग जाळून किंवा तापवून काढू नये. काम घरात न करता परसदारी, सावलीत करावे, आणि खाली जुने प्लॅस्टिक अंथरावे. लहान मुले व गर्भार स्त्री यांनी जवळ येऊ नये. काम संपेपर्यंत पाणीसुद्धा पिऊ नये, आणि संपल्यावर साबणाने हात धुऊन कपडे वेगळे धुवावेत. नववीतल्या मुलाने हे काम जरूर करावे, पण सोबत मोठे माणूस असावे, हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर फवारणीचा चष्मा असावा.

मोडक्या डब्यावर मी काय केले

जे स्वतः करून पाहिले नाही ते शेतकऱ्याला सांगू नये, ही आमच्या कामाची पहिली शिस्त. म्हणून मोडक्या मालडब्यावर मी तीन पायऱ्यांनी प्रयोग केला. सौम्य उपायापासून सुरुवात करावी आणि काम भागले की तेथेच थांबावे.

आधी जे सुटते ते सोडवून घेतले : लोखंडी चाके, आकडे, आतली वजनाची पट्टी. खिडक्यांची पारदर्शक कापे असतील तर ती काढून अलग ठेवावीत. पुढे जे स्पिरिट येणार आहे, त्याने ती धुरकट होतात किंवा त्यांना बारीक चिरा पडतात. इंजिन असेल तर त्याची मोटार आणि तारा भिजू देऊ नयेत. सुटे भाग वाटीत ठेवून वाटीवर चिठ्ठी लावावी, नाहीतर जोडताना घोटाळा होतो.

पहिली पायरी साबणाची. भांडी घासायचा पातळ साबण कोमट पाण्यात मिसळून डबा रात्रभर बुडवून ठेवला. पाणी हाताला सोसेल इतकेच कोमट असावे. पॉलिस्टायरीन ९० ते १०० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि बारीक नक्षी त्याआधीच वाकते. उकळते पाणी ओतले की डबा केळीच्या सालीसारखा मुरडतो. सकाळी जुन्या दातब्रशने घासला. मळ गेला, सुटे पोपडे गेले, पण ऑइलपेंट बहुतेक तसाच राहिला.

दुसरी पायरी स्पिरिटची. औषधाच्या दुकानात आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिळते. नाहीतर करोनाच्या साथीत घेतलेले सॅनिटायझर अजून पुष्कळ घरांत पडून आहे. ते पाण्यासारखे पातळ असावे, चिकट जेल नसावे, आणि लेबलवर ७० टक्के किंवा अधिक अल्कोहोल लिहिलेले असावे. काही सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल मुळीच नसते, ती येथे निरुपयोगी. सुतारकामाचे फ्रेंच पॉलिशचे स्पिरिट घेऊ नये, त्यात विषारी मिथेनॉल असू शकते.

पहिल्यांदा डब्याच्या पोटाखाली, जेथे कुणाची नजर जात नाही, तेथे कापसाने एक थेंब लावून वीस मिनिटे वाट पाहिली. प्लॅस्टिक चिकट झाले नाही, पांढरे पडले नाही. मग डबा झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून वर स्पिरिट ओतले. वीस मिनिटांनी पाहिले तर रंगाच्या कडा सुरकुतल्या होत्या. दोन तासांनी छपराचा रंग सायीसारखा पापुद्र्याने निघाला. त्याखाली कारखान्याचा मूळ करडा रंग होता, तोही बराचसा गेला. कोपऱ्यांत, दारांच्या खाचांत हिरवे राहिले. यापुढे रात्रभर बुडवून ठेवण्याचा मोह मी टाळला. दर अर्ध्या तासाने काढून पाहावे, आणि प्लॅस्टिक मऊ लागले तर लगेच धुवावे.

स्पिरिटची वाफ दिसत नाही, पण ती जमिनीलगत सरकते आणि पेट घेते. जवळ चूल, गॅस, निरांजन, उदबत्ती, विडी काही नको. विजेचे बटण दाबण्याइतकेही जवळ नको. स्पिरिटची आग उन्हात डोळ्यांना दिसत नाही, हे तर विशेष ध्यानात ठेवावे.

तिसरी पायरी धुण्याच्या सोड्याची. ऑइलपेंटमधील तेल सोड्याने साबणासारखे फुटते आणि रंगाची पकड ढिली होते. एक लिटर कोमट पाण्यात साधारण शंभर ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवला. खाण्याचा सोडा नव्हे, तो येथे फार सौम्य पडतो. डबा आधी साध्या पाण्यात धुऊन स्पिरिट घालवले, मग सोड्यात दोन दिवस ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्रश आणि बांबूची चपटी काडी यांनी खाचांतला रंग निघाला. लोखंडी टोचा वापरू नये, नक्षी खरडली जाते. सोड्यानेही हात सोलतात, म्हणून मोजे हवेतच, आणि अ‍ॅल्युमिनियमचे भांडे नको. बोर्डो मिश्रण करताना मोरचूद आपण लोखंडी भांड्यात भिजवत नाही, त्यातलाच हा प्रकार. औषध कोणते याइतकेच भांडे कोणते हेही पाहावे लागते.

एवढे करून दरवाजाच्या एका खिळ्याएवढ्या खाचेत हिरवा ठिपका राहिला आहे. तो मी राहू दिला.

कॉस्टिक सोड्याविषयी

जाणकार वाचक म्हणतील, साहेबांनी कॉस्टिक सोडा का नाही सांगितला? कॉस्टिकने ऑइलपेंट लवकर निघतो आणि पॉलिस्टायरीनला त्याने धक्का लागत नाही, हे खरे आहे. साबण करणाऱ्या भगिनींना तो परिचयाचाही आहे. पण त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते, आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. पाण्यात घालताना तो तापतो, उसळतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात घातला तर पातेले खातो आणि पेट घेणारा वायू सोडतो. डब्यावर थोडा रंग राहिला म्हणून कुणाचे काही अडत नाही. ज्या घरात चार वर्षांची मुलगी आहे, तेथे खेळण्यासाठी कॉस्टिक आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोडा, स्पिरिट किंवा काहीही डोळ्यात उडाले तर लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुवावा, पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात. लिंबू, दूध, मध असे काही घालू नये. धुऊन झाल्यावर डॉक्टरांकडे जावे. काम सुरू करण्याआधीच भरलेली कळशी आणि तांब्या हाताशी ठेवावा.

आणि कुठलीही दोन औषधे एकमेकांत मिसळू नयेत. "थोडे संडासचे अ‍ॅसिड घालून बघू, थोडी ब्लीचिंग पावडर घालून बघू" असे करताना विषारी वायू होतो. एक उपाय संपला, वस्तू धुतली, मगच दुसरा.

राहिलेल्या घाणीचे काय करावे?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. रंग डब्यावरून निघाला, पण नाहीसा झाला नाही. तो आता पाण्यात, चिंधीत आणि गाळात आहे. ते पाणी गोठ्यात, विहिरीजवळ किंवा परसातल्या भाजीला ओतू नये. उकिरड्यावर तर मुळीच टाकू नये. उकिरड्याचे खत शेतात जाते आणि शिसे मातीत पिढ्यान्‌पिढ्या राहते. चिंध्या चुलीत घालू नयेत.

घाण पाणी एका टाकाऊ डब्यात एक दिवस निवू द्यावे. वरचे निवळ पाणी संडासात ओतावे. तळाचा गाळ, पोपडे, कापूस, दातब्रश आणि मोजे दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ग्रामपंचायतीच्या घातक कचऱ्यात किंवा तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या गाडीत वेगळे म्हणून द्यावेत. वापरलेले स्पिरिट गाळून बाटलीत भरून ठेवायचा मोह होईल. भरायचे तर सॅनिटायझरच्याच बाटलीत भरावे, वर "रंगाचे विषारी स्पिरिट" असे लिहावे, आणि दुसरा डबा झाला की तेही त्याच वाटेने द्यावे.

आता नवा रंग

डबा धुऊन सावलीत दोन दिवस सुकू द्यावा. उन्हात किंवा पत्र्यावर ठेवू नये. पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग घ्यावा. मुलांच्या चित्रकलेच्या साहित्यात तो मिळतो. ऑइलपेंटचा जाड थर दिला की खिडक्यांच्या चौकटी, खिळ्यांचे ठिपके बुजतात, म्हणून पातळ रंगाचे दोन-तीन हात द्यावेत आणि प्रत्येक हात पुरता वाळू द्यावा. १९९० च्या दशकात डबे निळे होऊ लागले, त्याआधी कित्येक वर्षे आपल्या गाड्या विटकरी होत्या. तोच रंग आप्पांना ओळखीचा वाटेल.

विरघळलेल्या छपराला पुन्हा काही लावू नये. आठवडाभर उघड्यावर ठेवले की ते कडक होईल, पण पूर्वीसारखे होणार नाही. ते काढून टाकावे. औषधांचे किंवा बिस्किटांचे खोके ज्या पन्हळी पुठ्ठ्याचे असतात, त्याचा वरचा कागद ओला करून सोलावा. आतल्या पन्हळी अगदी पत्र्यासारख्या दिसतात. त्या कापून करडा रंग दिला की स्टेशनला आपल्याकडचे पत्र्याचे छप्पर होईल. आमच्या भागातील जुनी बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. त्या छोट्या गाडीची सोय पाहणारे वर्कशॉप कुर्डुवाडीलाच. आज तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. तेव्हा ताई, परदेशी स्टेशनवर "कुर्डुवाडी" अशी पाटी लागली तर ते फार शोभेल. पाटी कशी असायची हे मात्र आप्पांनाच विचारावे. मुलगा विचारील आणि ते सांगतील, त्या संध्याकाळीच तुमच्या खोक्याचे मोल वसूल होईल.

आप्पांनी डब्यांना ऑइलपेंट फासला आणि मुलाने थिनर. दोघांनीही हौसेने केले, आणि दोघांनाही खालची वस्तू काय आहे हे कुणी सांगितलेले नव्हते. हौस असलेल्या माणसाला रागे भरण्यापेक्षा माहिती द्यावी.

थोडक्यात, भिंतीवर लावण्यासाठी

१. आधी खालची वस्तू ओळखा, मग रंग काढण्याचे औषध ठरवा. प्लॅस्टिकला थिनर, पेट्रोल, रॉकेल नको.

२. आधी न दिसणाऱ्या जागी एक थेंब लावा. वीस मिनिटे थांबा.

३. साबण, मग स्पिरिट, मग धुण्याचा सोडा. काम भागले की थांबा.

४. जुना रंग कोरडा घासू नका, जाळू नका, गुरांच्या वाटेत टाकू नका.

५. पिण्याच्या बाटलीत पिण्याचेच ठेवा.

शेवटी एक विनंती, आणि ती सर्वांनाच आहे, घरी आगगाडी असो वा नसो. आज दिवेलागणीच्या आत घरातले फडताळ, मोटारीची खोली, गोठ्याचा कोनाडा आणि ट्रॅक्टरची पेटी एकदा पाहून घ्या. सरबताच्या, पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भलतेच काही सापडले तर आजच काढा. सापडेल, याची मला खात्री आहे. माझ्या स्वतःच्या घरी हे पत्र आल्यावर शोधले, तेव्हा न्हाणीघराच्या वळचणीला एक सापडली. तीस वर्षे लोकांना सांगत आलो, आणि तरी सापडली.

ताई, मोडका मालडबा धुऊन, पुसून परत पाठवत आहे. बाकीचे डबे मुलाच्या हातून होऊ द्या. आप्पांना माझा नमस्कार सांगा.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)